‘किरकोळ’ कशी?

विजय दिनाच्या अंकातील स्फुटात माजी सैनिकांच्या सेवानोंदींतील चुकांना ‘किरकोळ’ म्हटले आहे, ते पटले नाही. माझे वडील १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळणाऱ्या सेवानोंद पुस्तिकेत) संग्राम पदक आहे, त्यापुढे कारकुनाने मारलेली आडवी रेघ. ‘पूर्वी स्टार’ या पदकाचा उल्लेखच नाही. संग्राम पदकाची व्याप्ती मोठी, पूर्वी स्टार मात्र पूर्व आघाडीवरच्यांचा. म्हणजे त्या रेघेने त्यांची आघाडीच पुसली. दुरुस्तीचा अर्ज केला, तर पुरावा आम्हालाच मागितला. पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’ (सैनिकाच्या सेवेतील घडामोडी नोंदवणारे आदेश) रेकॉर्ड ऑफिसकडे जातात, माजघरातल्या ट्रंकेत नव्हे! पडताळणी त्यांनीच करावी, तीही सैनिक हयात असताना.

– एका माजी सैनिकाची मुलगी, सातारा