दाभोळचे ‘लारी’ नाणे मोडीत जाऊ नये

महोदय,

अमेरिकेत १९९९ ते २००८ या काळात पन्नासही राज्यांची पाव डॉलरची नाणी निघाली. ती सुट्या पैशांतून हाती येत, म्हणून शाळकरी पोरांनाही संग्रहाचा नाद लागला. आपल्याकडची पंचाहत्तर, शंभर रुपयांची स्मारक नाणी टांकसाळीकडून मागवावी लागतात, व्यवहारात ती दिसतच नाहीत. त्याहून जीव तुटतो तो जुन्या नाण्यांसाठी. आदिलशाहीत दाभोळला लारी पाडत: चांदीची तार मधोमध दुमडायची, वर फारसी अक्षरांचा ठसा. परदेशी संग्राहक ती आवर्जून शोधतात. इकडे माळ्यावर अशी तार किंवा शिवराई सापडली, की थेट मोडीत, वजनावर! जिल्ह्यात नाणी ओळखून नोंदवणारे एखादे केंद्र तातडीने सुरू करावे.

— एक नाणेसंग्राहक, दापोली