पपईवरचा पहिला हात

नाशिक,
१२ ऑक्टोबर

प्रिय नंदू,

तुझं पत्र येऊन महिना झाला. एमटीपीचं, म्हणजे कायदेशीर गर्भपाताचं, ट्रेनिंग चालू आहे, रात्री खोलीवर आलं की पाठ टेकायचा अवकाश. आज रविवार, म्हणून बसले.

आधी पहिल्या दिवसाची गंमत. मॅडमनी पपया मागवल्या, प्रत्येकीपुढे एक. देठाकडची बाजू म्हणजे गर्भाशयाचं तोंड. तिथून कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, आत, मागे साठ मिलीची सिरिंज, व्हॉल्व्ह सोडला की बिया सर्रकन बाहेर. मला आजी आठवली. दिवस गेलेल्या सुनेच्या वाऱ्यालाही ती पपई उभी राहू देत नसे! अमेरिकेतही विद्यार्थी पपईवरच हात बसवतात म्हणे.

इंटर्नशिपला आपण काय केलं गं? ट्रॉली धरली, कागद भरले. दिसायचं तेही क्युरेटिंगच, धातूच्या हत्याराने पिशवी खरवडणं. ते आता सोडा, सक्शन वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगून थकली, पण 'पिशवी साफ करायची' म्हटलं की अजून क्युरेट बाहेर येतेच. सक्शनमध्ये पिशवी रिकामी झाली की कॅन्युलाला आतून खरखर लागते. पुस्तकात ते एका ओळीत आहे. मला हाताला कळायला अकरावी केस उजाडली.

आपल्यासारख्या एमबीबीएसवाल्यांना नियम असा: २५ केसेसना मदत, त्यातल्या निदान ५ स्वतःच्या हाताने, मग १२ आठवड्यांपर्यंत परवानगी. कायदा १९७१चा, २०२१च्या दुरुस्तीने काही बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांवर गेली, पण माझी हद्द बाराचीच. स्वतःच्या हातच्या माझ्या तीन झाल्यात.

वाचताना एक गोष्ट डोक्यात बसली. नेपाळमध्ये कायदा २००२ साली बदलला आणि त्यांनी नर्सेसनाही हे शिकवलं. दक्षिण आफ्रिकेत ट्रेनिंग घेतलेल्या मिडवाइफ १२ आठवड्यांपर्यंत करतात. आमच्या रुग्णालयातल्या सिस्टरने वीस वर्षं बाळंतपणं काढलीत, अडलेल्या वेळी मलाच तिचा आधार वाटतो. तिला मात्र मुभा नाही. मग पेठकडची बाई सावळघाट ओलांडून नाशिकला येते, आणि तोवर दोन-तीन आठवडे हातचे गेलेले असतात. तुमच्या आयर्लंडमध्ये कायद्यानेच तीन दिवस थांबवतात ना? आमच्याकडे त्याला कायदा कशाला, एसटी पुरते.

गर्भपात नाकारल्यावर सविता हलप्पनवार गेली ती २०१२ची रात्र आठवते? बेळगावची पोर, आयर्लंडच्या गॉलवेत गेली. आपण होस्टेलच्या गच्चीवर किती तावातावाने बोललो होतो. आता त्याच देशात २०१९पासून नऊ आठवड्यांपर्यंत जीपीच, म्हणजे फॅमिली डॉक्टरच, गर्भपाताच्या गोळ्या देतात, आणि त्या जीपींमध्ये तू आहेस. मला अजून खरं वाटत नाही.

एक कबुली द्यायची आहे. आधीच्या नोकरीत नवऱ्याची सही आणल्याशिवाय बाईला आत घेत नसत. कायद्यात अशी सही कुठेच नाही, सज्ञान बाईची स्वतःची पुरते. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तरी तो कागद मीच पुढे सरकवत होते, नंदू. एक बाई सही आणायला म्हणून गेली ती परत आलीच नाही.

परवाची माझी तिसरी केस, द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणारी, सात आठवडे. माझा हात थरथरत होता, मॅडम मागे गप्प उभ्या. झाल्यावर बशीत पाण्यात सगळं नीट तपासलं. मग मी पाठ केलेलं समुपदेशन सुरू केलं, तांबीपासून. तिने मध्येच विचारलं, "बाई, उद्या कामावर गेलं तर चालंल ना? छाटणी चालू हाय." दोन दिवस तरी आराम कर म्हटलं, तर माझ्याकडे बघून नुसती हसली. साडेचारची पेठ गाडी गाठायची होती तिला.

तुझ्यासमोर बाई येऊन बसली की तू पहिलं वाक्य काय बोलतेस? तेवढं लिही. इंग्रजीत असलं तरी चालेल, मराठी मी बघते.

तुझी,
विद्या