लघवी गढूळ दिसली म्हणून अँटिबायोटिक नको : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

वृद्धाश्रमांतल्या लघवीच्या जंतुसंसर्गावर नेहमीच्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, की नवी, भारी औषधे मागितली जातात. आमचे मागणे वेगळे आहे. लक्षणे नसताना होणारी लघवीची तपासणी आधी थांबवा.

वृद्धाश्रमांत राहणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण २५ ते ५० टक्के आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्के जणांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. महिनाभर कॅथेटर (लघवी पिशवीत उतरावी म्हणून मूत्राशयात घातलेली नळी) असेल तर जवळजवळ प्रत्येकाच्याच. याला आजार म्हणत नाहीत आणि औषधही लागत नाही.

प्रत्यक्षात मात्र आजी दुपारी जेवल्या नाहीत, गप्प आहेत, लघवीला वास येतोय, एवढ्यावर लघवीत तपासणीची पट्टी बुडवली जाते. पट्टीचा रंग बदलतो आणि फोनवरच अँटिबायोटिकची गोळी ठरते. पट्टी निगेटिव्ह आली तर संसर्ग नसण्याची शक्यता बरीच. पॉझिटिव्ह आली तर या वयात त्यावरून काहीच ठरत नाही. पोटात पाणी कमी गेलेले, शौचाला न झालेले, लघवी तुंबलेली किंवा झोपेची नवी गोळी सुरू झालेली, हे खरे कारण तसेच राहते. गोळीने आतड्यातले साधे जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे जंतू तेवढे माजतात. पुढे खरा संसर्ग झाला की तोंडाने घ्यायचे औषध उरत नाही आणि थकलेल्या जिवाला इंजेक्शनांसाठी रुग्णालयात हलवावे लागते.

म्हणून आदेश असा हवा. कॅथेटर नसेल तर कल्चर (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) दोनच परिस्थितींत करावे : लघवी करताना नव्याने जळजळ सुरू झाली असेल, किंवा ३७.९ अंश सेल्सिअसच्या वर ताप असून सोबत नव्याने वारंवार लघवी, ओटीपोटात किंवा बरगडीखाली पाठीत दुखणे, लघवीतून रक्त, यांपैकी काही असेल. नुसता गोंधळलेपणा असेल तर पाणी पाजावे, औषधांची यादी तपासावी, २४ ते ४८ तास बारकाईने लक्ष ठेवावे. थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा रक्तदाब उतरला तर मात्र क्षणभरही थांबू नये, डॉक्टरांना बोलवावे.

नमुन्याची हेळसांड तर सगळीकडे दिसते. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी कधीही पाठवू नये, तिथे जंतू तासन्‌तास वाढलेले असतात. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर आधी बदलावा आणि नव्यातून नमुना घ्यावा, तोही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचत नसेल तर चार अंशांवर फ्रिजमध्ये ठेवावा, जास्तीत जास्त २४ तास. कल्चरचा रिपोर्ट आल्यावर औषध बदलायचे की थांबवायचे, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी ठरवून लिहून ठेवावे.

आणि पिशवीतली लघवी ओतून घ्यायचे ते भांडे, तो जग! एकाच जगात ओळीने सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या केल्या जातात, हातमोजेही तेच. एका खाटेचे जंतू दुसरीकडे पोचायला आणखी काय लागते? प्रत्येकाला वेगळा जग हवा, दर वेळी हात धुऊन नवे हातमोजे हवेत. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगलेली हवी आणि दोन तृतीयांश भरली की रिकामी व्हायला हवी. अंथरूण ओले होते एवढ्यासाठी कॅथेटर घालणे बंद व्हावे.

महोदय, सरसकट वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांची खरेदी थांबवा. त्या पैशांतून सुरुवातीला प्रत्येक कॅथेटरवाल्या खाटेला स्वतःचा जग द्या.

आपले,
वृद्धशुश्रूषेत काम करणारे डॉक्टर व परिचारिका