खड्ड्यांआधी खुंट मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मृग लागला की मराठवाड्यात रोपांसाठी खणलेल्या खड्ड्यांचे आकडे सुरू होतात. राज्याचे वृक्षलागवडीचे उद्दिष्ट 2016 मध्ये 2 कोटी होते, 2019 मध्ये ते 33 कोटींवर गेले. रोपे लावायला विरोध नाही. पण बालाघाट, अजिंठ्याची रांग, किनवट-माहूरचा पट्टा इथे तुटलेले जंगल बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली जिवंत आहे आणि जेसीबीचा चर नेमका त्याच्यावरून जातो.

आपले जंगल शुष्क पानगळीचे. साग, धावडा, पळस तोडले तरी खुंटाला फुटवे येतात. टेंभुर्णी तर मुळांवरूनही उगवते. फुटव्याच्या पाठीशी जुनी, खोल मुळे असतात, त्यामुळे पावसाने तीन आठवडे ओढ दिली तरी तो तगतो. पिशवीतले रोप तेवढ्यात वाळते.

खड्डा हवा की नको, हे मोजून ठरवता येते. चांगला पाऊस होऊन पंधरवडा झाला की डोंगराच्या माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याला मिळून 10 बाय 10 मीटरचे दहा-बारा चौकोन आखावेत. फुटलेले खुंट आणि 15 सेंटीमीटरहून उंच रोपे मोजावीत. एका चौरस मीटरमधला पुंजका एकच धरावा. सरासरी सात भरली तर हेक्टरी 700 होतात. आग्नेय आशियात नैसर्गिक पुनर्वाढीला हातभार लावताना साधारण एवढीच संख्या धरतात. मुरूम उघडा पडलेल्या, माती वाहून गेलेल्या उतारावर मात्र नुसती वाट पाहून काही उगवत नाही. तिथे समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) आणि लागवड हवीच.

खुंटाचे काम पावसात करू नये, जखम कुजते. पानगळ झाल्यावर, पालवीच्या आधी, धारदार कुऱ्हाडीने जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटरवर तिरका छाट द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. साल फाटू देऊ नये. खुंट उंच ठेवला तर फुटवे वरच्या बाजूला येतात आणि वाऱ्याने निखळतात. पहिल्या पावसाळ्यात दहा-पंधरा फुटवे आले तरी हात लावू नये. दुसऱ्या वर्षी जमिनीलगतचे दोन जोमदार ठेवून बाकीचे सरपणाला काढावेत.

खरा शत्रू शेळी आहे. शेंडे सलग तीन-चार हंगाम खुडले गेले की मुळांतला साठा संपतो आणि खुंट मरतो. गुरे तोंड लावत नाहीत तेवढेच मग डोंगरावर उरते: सीताफळ, तरवड, रुई, घाणेरी. म्हणून किमान पाच वर्षे चराईबंदी हवी. पण गवत कापून न्यायला मोकळीक द्यावी, नाहीतर गाव ती बंदी एक उन्हाळाही पाळणार नाही. शिवाय वाळलेले कुसळी गवत कापले गेले की वणव्याला खाद्य कमी मिळते.

लागवडीआधी ‘झुडपे साफ करणे’ हा प्रकार तर बंदच व्हावा. बोर, हिवर यांच्या काट्यांच्या आडोशालाच पाखरांनी टाकलेल्या लिंबोळीचे रोप वाचते. काढायची ती घाणेरी आणि वेडी बाभूळ. घाणेरीचे मूळ फुलोऱ्याआधी जमिनीखाली चार-पाच सेंटीमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवावे. वेडी बाभूळ वरून छाटली तर दुप्पट फुटते. तिचा बुडखा वीतभर खोल खणून काढावा लागतो.

वेळ किती लागतो? अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतील 77 ठिकाणांचा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात 2021 मध्ये आला. सोडून दिलेल्या जमिनींवर आपोआप वाढलेली जंगले वीस वर्षांत निरनिराळ्या गुणांत जुन्या जंगलाच्या सरासरी 78 टक्क्यांपर्यंत पोचली. मातीचे गुण दहा वर्षांच्या आत सावरले, पण झाडांच्या जाती पूर्वीसारख्या व्हायला शतकाहून अधिक काळ लागतो. आपल्याकडे पाऊस कमी, चराई जास्त. तेव्हा वीस वर्षांचा हिशोब इथे जसाच्या तसा धरू नये.

खड्डा टेपने मोजता येतो, म्हणून तो अंदाजपत्रकात चटकन बसतो. लागवडीच्या प्रत्येक प्रस्तावाला आधी चौकोनांची मोजणी जोडावी आणि सरासरी सात किंवा त्याहून जास्त असेल तिथे खड्ड्यांचा पैसा पाच वर्षांच्या राखणदाराच्या मजुरीला द्यावा, एवढीच मागणी आहे.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)