सांगायचे राहिले होते ते

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात तीन दिवस बडोद्याला दांडिया बाजारच्या घरी राहिले आणि जे सांगायला आले होते तेच न सांगता परत गाडीत बसले, म्हणून हे पत्र. बाबा गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे होते, तेव्हा खिडकीतूनच सांगून टाकावे असे दोनदा मनात आले. पण सुटत्या गाडीतून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मी बँकेच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. तो सोमवारी मंजूर झाला आणि महिनाअखेरीस मी तिथून मोकळी होईन. तुम्हाला विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मी ते ऐकले असते, म्हणून विचारले नाही. राग आला असेल तर तो रास्तच आहे.

पण कारण ऐकून घ्या. पहिल्या चित्रपटाचे काम मी रजा जमवून जमवून केले. नव्या चित्रपटात मुख्य भूमिका आहे, कोल्हापूरच्या आसपास सलग 35 दिवसांचे चित्रीकरण आहे, रोजची शिफ्ट 12 तासांची आहे आणि त्याआधी तीन आठवडे तालमी आहेत. एवढी रजा कोणताही मॅनेजर देणार नाही, आणि आजारपणाचा खोटा दाखला जोडणे तुमच्या मुलीला जमले नसते. पैशांचेही सांगते. या क्षेत्रात केलेल्या कामाचे पैसे बहुधा 90 दिवसांनी हातात पडतात आणि एका जाहिरातीचे तर मला अजून मिळालेले नाहीत; हे ठाऊक असल्यामुळेच आठ महिन्यांचे भाडे आणि घरखर्च मी आधीच बाजूला काढून ठेवला आहे. बाबा, तुम्ही मुदतठेव मोडण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका.

आई, तू माझा चित्रपट पाहताना मध्येच उठून बाहेर गेलीस आणि घरी आल्यावर एक शब्द न बोलता मीठ-मोहरीने माझी दृष्ट काढलीस. तेव्हा मी हसले, ते चुकलेच. शकूमावशीच्या त्या वर्षानंतर आपल्या घरात तसे कुंकू पुसलेले कपाळ कोणाला पाहवत नाही, हे मला आधीच सुचायला हवे होते. त्या कपाळाची हकीकत मात्र तुला सांगते. तो एकच प्रसंग चार दिवस चित्रित होत होता, त्यामुळे पुसलेल्या कुंकवाचा डाग चारही दिवस तंतोतंत तसाच दिसणे भाग होते. रोज सकाळी मेकअपदादा आधी कुंकू लावत, मग ओल्या कापसाने पुसत, आणि कंटिन्युटी सांभाळणारी मुलगी पहिल्या दिवशीच्या फोटोशी माझे कपाळ ताडून पाहून म्हणे, ‘डावीकडे जरा जास्त पुसले गेले,’ की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या दिवशी तर तो डाग तसाच कपाळावर घेऊन मी वडापाव खात बसले होते. म्हणजे त्यात अशुभ काही नव्हते गं, निव्वळ कारागिरी होती. रडताना मात्र मी शकूमावशीला आठवत होते. ते तुला न विचारता केले, त्याबद्दल मला क्षमा कर.

‘आपल्यात हे कोणी केलेले नाही,’ असे आत्या म्हणाल्याचे तू बोलता बोलता सांगितलेस. 1913 साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके यांना तारामती व्हावे लागले. त्यानंतर 19 वर्षांनी, 1932 साली, ‘अयोध्येचा राजा’मध्ये तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांनी साकारली, आणि त्या मुंबईच्या सधन, सुशिक्षित घरातल्या होत्या. प्रभातने तो चित्रपट कोल्हापुरातच केला होता, म्हणजे मी काही नव्या वाटेने निघालेले नाही. शिवाय फाळके आपल्या कलाभवनात शिकले, आणि विजयाबाई मेहतांचा जन्म बडोद्याचा, हे मला सातवीत असताना स्कूटर थांबवून कोणी सांगितले होते? बाबा, आत्याला उत्तर तुम्हीच द्या.

गणेशोत्सवातल्या नाटुकल्यात मी ससा झाले होते आणि वाक्य विसरून नुसती कान धरून उभी राहिले होते, ते आठवते ना? तुम्ही तिसऱ्या रांगेत, माझ्या डाव्या हाताला बसून, आवाज न काढता ओठ हलवून मला ते वाक्य दिले होते. अजूनही वाक्य अडले की माझी नजर डावीकडे जाते, आणि दिग्दर्शक वैतागतात.

माझ्या खाण्यापिण्याची काळजी करू नका. खोलीत आम्ही तिघी आहोत, डबा घरगुती आहे, आणि चित्रीकरण उशिरा संपले तर निर्मात्यांची गाडी दारापर्यंत सोडते. काळजी मला तुमचीच आहे. बाबा, मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलायचे नाही. ते तालमींच्या आधी आहे आणि मी चार दिवस येऊन राहणार आहे. तोवर अंधार पडल्यावर मांडवीकडे स्कूटर न्यायची नाही, आणि साखरेची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, लीलो चेवडो खाल्ल्यावर आठवण झाली म्हणून नव्हे. आई, पोळ्या ओट्याशी उभी राहून किंवा स्टुलावर बसूनच लाट. पाटावर बसून उठताना तू भिंतीला हात लावतेस, ते मी या वेळी पाहिले आहे. रागावून बोलत नाही गं, पण ऐक.

तुझा चकलीचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिला आहे. रिकामा परत आणायचा नाही, हे तूच शिकवलेस. तेव्हा त्यात काय घालून आणू ते फोनवर सांग. बाबा बोलणार नसतील, तर निदान तू सांग.

तुमची,
मनू