जनरेटर घराच्या खोल्या मोजून घेऊ नका, मोटार बघून घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की कोकणात जनरेटरची चौकशी सुरू होते आणि त्याच सुमारास पेपरात, मोबाईलवर जाहिराती पण सुरू होतात. १ बीएचकेला एवढे केव्हीए (म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप), २ बीएचकेला तेवढे, बंगला असेल तर साडेसातच्या खाली बघूच नका. मी दापोली तालुक्यात वायरिंगची आणि मोटार रिवाइंडिंगची, म्हणजे जळलेल्या मोटारीतली तार परत गुंडाळायची, कामं करतो आणि या खोल्यांच्या हिशोबाबद्दलच लिहितोय, कारण त्याच्यापायी लोकांचे पैसे जातात, मोटारी जळतात आणि ऐन वेळेला दारात मशीन असून घरात पाणी नसतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडात आणि तिकडे रायगडात पोल असे पडले की काही गावात लाईट यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. तेव्हापासून घराघरात जनरेटर आलेत आणि त्यातले बरेचसे मुंबई-पुण्याला असलेल्या मुलांनी आईवडिलांच्या काळजीने फोनवरच ठरवून पाठवलेले आहेत. काळजी खरी आहे, त्यात काहीच चूक नाही, पण मशीनचं माप मात्र दुकानदाराने सांगितलं तेच घेतलेलं असतं. दुकानदार पण काय करणार, गिऱ्हाईक घर किती मोठं आहे ते सांगतं, घरात मोटार किती एचपीची आहे ते सांगतच नाही.

सगळी गोम त्या मोटारीत आहे. १ एचपीची बोअरची मोटार चालू झाल्यावर साधारण ६-७ अँपिअर घेते, पण चालू होण्याच्या त्या क्षणाला २५-३० अँपिअर पण ओढते. बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला जोर लागतो तसंच हे, एकदा फिरायला लागली की मग थोडक्यात काम होतं. महावितरणच्या लाईनवर हा झटका आपल्याला जाणवत नाही, फार तर बल्ब जरा मिणमिणतो. जनरेटर लहान असेल तर व्होल्टेज एकदम खाली बसतं, मोटार नुसती हूं हूं करत राहते पण उचलत नाही, पॅनलमधला रिले टकटक करायला लागतो आणि माणूस म्हणतो थांब परत एकदा बटण दाबून बघू. असं चार वेळा केलं की कपॅसिटर तरी फुटतो नाहीतर वाइंडिंग तरी जातं. माझ्याकडे रिवाइंडिंगला आलेली अशी मोटार उघडली की वार्निशचा जळका वास येतो, आणि त्यात बहुतेक वेळा स्टार्टिंगचं वाइंडिंग काळं कोळसा झालेलं असतं आणि बाकीचं चांगलं. बोअरची मोटार म्हणजे आधी पाईपसकट वर काढायची, पावसात त्याला माणसं मिळत नाहीत, मजुरी वेगळी.

म्हणून माप काढताना पहिला प्रश्न हाच, घरातली सगळ्यात मोठी मोटार कोणती आणि ती जनरेटरवर चालवायचीच आहे का. विहिरीवरची अर्धा एचपीची मोटार असेल तर अडीच केव्हीएच्या आसपास काम होतं. १ एचपीची बोअर असेल तर ३ ते ५ केव्हीए धरा, कारण काही जनरेटर व्होल्टेज चांगलं सांभाळतात, काही झटका बसला की पार बसतात, आणि आपलं मशीन कुठल्या जातीचं ते जाहिरातीवरून कळत नाही. शेतीचा ३ किंवा ५ एचपीचा थ्री फेज पंप घरच्या हिशोबात धरूच नका, तो विषय वेगळा आहे.

मोटार झाली की मग बाकीचं. कागद घ्या आणि लाईट गेल्यावर एकाच वेळी काय काय चालू पाहिजे ते लिहा. घरात काय काय आहे ते नाही, काय चालू पाहिजे ते. आमच्याकडचं नेहमीचं घर बघा, दोन म्हातारी माणसं, चार पंखे, आठ बल्ब, फ्रीज, टीव्ही, वायफाय आणि विहिरीवर अर्धा एचपी. जुना पंखा ७५ वॅटचा म्हणजे चाराचे ३००, एलईडी बल्ब ९ वॅटचा म्हणजे आठाचे ७२, फ्रीज चालू असताना धरा १५०, टीव्ही ८०, वायफाय आणि मोबाईलचे ३०. झाले ६३२ वॅट. मोटार चालू राहताना अजून साधारण ६००. सगळं मिळून सव्वाबाराशेच्या आसपास. या घराला रेटेड २ किलोवॅटचं मशीन बास होतं, फक्त मोटार चालू करताना फ्रीज आणि मिक्सर बंद ठेवायचा, मोटार फिरली की मग फ्रीज लावायचा. फ्रीजच्या कॉम्प्रेसरलाही स्टार्टिंगला झटका लागतो आणि दोन झटके एकत्र आले की जनरेटर गुदमरतो. अशाच घरात मी साडेसात केव्हीएचं डिझेल मशीन पडवीच्या कडेला बसवलेलं बघितलंय.

गीझर २००० वॅटचा, इस्त्री हजाराची, इंडक्शन दोन हजाराचा, हे जनरेटरवर लावायचंच नाही असं आधीच ठरवून टाका. पाणी तापवायला गॅस आहे, चूल आहे. एसीचं मात्र नीट बघावं लागतं, जुन्या पद्धतीचा दीड टनाचा एसी चालू होताना बोअरसारखाच ओढतो आणि तेवढ्या एका एसीसाठी मशीन ५ केव्हीएच्या वर जातं. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो म्हणून तेवढा त्रास नाही, पण चालताना तो पण दीड हजार वॅटपर्यंत जातो हे धरावं लागतं. आणि गणपतीत चाकरमानी आले की घरात पंधरा माणसं असतात, सगळे पंखे, सगळे चार्जर चालू असतात, म्हणून त्या दिवसांच्या हिशोबाने मशीन घेऊ नका. वर्षाचे बाकीचे महिने त्या घरात दोनच माणसं असतात.

काही जण लाईट बिल घेऊन येतात आणि विचारतात महिन्याला १५० युनिट पडतात तर किती केव्हीए घेऊ. बिलावरून हे निघत नाही. १५० युनिट ३० दिवसांत वाटले तर सरासरी २०८ वॅट येतात, तेवढ्यात तीन पंखे पण नीट चालणार नाहीत. सरासरीचा इथे काही उपयोग नाही, एका क्षणाला जास्तीत जास्त किती लागतं तेच बघायचं.

मग मोठंच घेतलं तर काय बिघडलं, असं विचारणारे खूप आहेत. बिघडतं. डिझेलचं मोठं मशीन चार पंखे नि दोन बल्बवर तासन्‌तास चाललं तर ते नीट तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं चिकट तेल गळायला लागतं आणि आत कार्बन धरतो. निदान एक तृतीयांश तरी लोड त्याच्यावर पाहिजे. वर लोड असो नसो, मोठं इंजिन नुसतं फिरायला पण डिझेल खातंच. वादळानंतर पेट्रोल पंपावर पण लाईट नसते, रस्त्यावर झाडं पडलेली असतात, तेव्हा घरात कॅनमध्ये आहे तेवढ्यावरच भागवायचं असतं. पेट्रोलचं २-३ केव्हीएचं मशीन चांगल्या लोडवर तासाला साधारण लिटरभर पितं, म्हणजे दिवसभर चालवायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाकावा.

त्यापेक्षा मी जे सुचवतो ते असं. घरात इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी बहुतेकांकडे असतेच. जनरेटर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास लावा. तेवढ्यात टाकी भरा, फ्रीज गार करून घ्या, मिक्सरची कामं उरका आणि इन्व्हर्टर चार्जिंगला लावा. बॅटरी चार तासांत पूर्ण भरत नाही हे खरं आहे, रिकामी बॅटरी भरायला आठ-दहा तास लागतात, पण चार तासांत जेवढी भरते तेवढ्यात रात्रभर दोन बीएलडीसी, म्हणजे कमी लाईट खाणारे नवीन पद्धतीचे पंखे आणि एक-दोन बल्ब चालतात. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो म्हणून हे जमतं, जुन्या पंख्यावर नाही जमत. जनरेटरवर पैसे वाढवण्याआधी दोन पंखे बदला असं मी सगळ्यांना सांगतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, बऱ्याच इन्व्हर्टरला जनरेटरची लाईट पटत नाही, फ्रिक्वेन्सी मागेपुढे होते म्हणून तो चार्जिंगच घेत नाही आणि लोक म्हणतात इन्व्हर्टर बिघडला. मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं, ते नॉर्मलला करून बघा, बहुतेक वेळा सुरू होतो.

घेताना प्लेट वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो मॅक्सचा आकडा, तेवढा लोड मशीन थोडा वेळच झेलतं. रेटेड म्हणून जो आकडा असतो तो आपला, आणि त्याच्या पण पाऊण भागावर चालवलं तर मशीन टिकतं. डिझेलच्या सेटवर केव्हीए लिहिलेलं असतं त्याला ०.८ ने गुणलं की किलोवॅट येतात, म्हणजे ५ केव्हीएचं ४ किलोवॅट. हे माहीत नसल्यामुळे पाच हजार वॅट समजून लोड टाकणारे बरेच भेटतात. आणि ज्यांच्यासाठी घेताय त्यांना ते चालू करता येणार आहे का ते बघा. सत्तरीच्या आजीला दोरी ओढून मशीन चालू करता येत नाही. ५ केव्हीएचं पेट्रोल मशीन ८० किलोच्या आसपास भरतं, ते पाऊस आला म्हणून कोण उचलणार. सेल्फ स्टार्ट घ्या आणि त्याची बॅटरी महिन्यातून एकदा मशीन चालवून जिवंत ठेवा. मुंबईहून जुने डिझेल सेट स्वस्तात आणून विकतात त्यांचा आवाज आधी ऐका, नियमाप्रमाणे केबिनपासून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जायला नको, पण केबिनची दारंच नसलेले सेट पण विकले जातायत.

आता जे सांगतो त्यासाठी खरं तर हे पत्र मी कधीपासून लिहीन लिहीन म्हणत होतो. दोन्ही बाजूला प्लग असलेली वायर करून जनरेटरची लाईट घरच्या सॉकेटमध्ये घुसवतात, मेन स्विच पाडायचा असतो तो कधी पाडतात कधी विसरतात. विसरला की ती लाईट मीटरमधून उलटी पोलवर जाते, ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला ११ हजार व्होल्ट होते, आणि त्या लाईनवर आपल्याच गावाची लाईट यावी म्हणून भर पावसात चढलेला लाईनमन असतो. तो लाईन बंद आहे असं समजून हात लावतो. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. डबल पोलचा चेंजओव्हर स्विच लावा, म्हणजे घर एका वेळी महावितरणच्या लाईनला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा, परवानाधारक वायरमनकडून लावून घ्या, अर्थिंग करून घ्या. जनरेटरच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही.

आणि मशीन पडवीत, जिन्याखाली, बंद गॅरेजमध्ये ठेवू नका. पाऊस लागतो म्हणून लोक आत घेतात आणि दार लावून झोपतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, माणसाला नुसतं जड वाटतं, डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. घरापासून वीसेक फूट लांब, खिडक्यांपासून दूर, वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या, अशीच जागा पाहिजे. सायलेन्सरचं तोंड घराकडे नको.

तुम्हाला माझी विनंती आहे की पावसाळ्याच्या पुरवणीत जनरेटरच्या जाहिराती छापता तिथेच एक छोटा तक्ता पण छापावा, मोटार किती एचपीची, एकाच वेळी काय काय चालणार, चेंजओव्हर आहे का, मशीन कुठे ठेवणार. लोक तो कापून दुकानात घेऊन जातील. आणि वाचकांना विनंती ही की मशीनचे सगळे पैसे आधी देऊ नका. दुकानदाराला सांगा, घरी आणा, आमची मोटार त्याच्यावर चालू करून दाखवा, ती फिरल्यावर फ्रीज लावून दाखवा आणि तेव्हा व्होल्टेज किती राहतं ते मीटर लावून दाखवा. आमच्याकडचे चांगले दुकानदार याला तयार होतात. जो तयार होत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आपला,
एक परवानाधारक वायरमन
दापोली तालुका, जि. रत्नागिरी