चिलखत नको, माणसे घ्या

महोदय,

फँटसी मिनिएचर (छोट्या बाहुल्यांनी खेळायच्या) खेळांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मराठी वृत्तपत्रात या छंदाला एवढी जागा मिळणे हेच विशेष. मात्र नवख्या खेळाडूने आधी चिलखत घ्यावे, हा त्यातला सल्ला निदान ‘मॉर्डहाइम’मध्ये तरी महागात पडेल.

गेम्स वर्कशॉप कंपनीच्या 1999 च्या या खेळात टोळी उभारायला 500 क्राउन (खेळातले चलन) मिळतात. जड चिलखत 50 चे, म्हणजे दोन साध्या योद्ध्यांच्या किमतीचे. बदल्यात मिळतो फाशावर 5 किंवा 6 पडल्यास बचाव. समोर क्रॉसबो असला, की तोही फक्त 6 वर येतो. 20 चे हलके चिलखत क्रॉसबोपुढे असून नसल्यासारखेच. उलट 3 क्राउनची गदा पाहा. इतर शस्त्राने जखमी झालेला गडी 1-2 पडल्यास नुसता आडवा होतो आणि 3-4 ला सुन्न. गदेने तो 2 पासूनच सुन्न होतो, आणि सुन्न गड्याला कोणी हातघाईत गाठले की तो थेट बाद. दोन हातांत दोन गदा दिल्या तर एक वार जास्त मिळतो. फुकटची कट्यार दुसऱ्या हातात चालते, पण ती बिनचिलखती शत्रूलाही 6 वर बचाव बहाल करते. तीन क्राउनसाठी एवढी कंजुषी कशाला?

रायकलँड या खेळातल्या प्रांताची टोळी घेऊ. कॅप्टन 60, दोन चॅम्पियन 70, दोन यंगब्लड (नवशिके) 30, चार मार्क्समन (धनुर्धारी) 100, तीन वॉरियर 75: बारा जण, 335. मार्क्समनना लाँगबो (60), वॉरियर आणि यंगब्लडना दोन-दोन गदा (30), कॅप्टन आणि चॅम्पियनना तलवार व गदा (39), या तिघांना शिरस्त्राण (30). सहा क्राउन उरतात.

खरी गोम पुढे आहे. टोळीतले पाव किंवा त्याहून जास्त गडी बाद झाले, की दर फेरीला पळ काढण्याची चाचणी द्यावी लागते. बारांत ती वेळ तीन बाद होताच येते, तेरांत चौथ्याला. म्हणून चॅम्पियनांची शिरस्त्राणे काढा, एकाच्या तलवारीऐवजी दुसरी गदा द्या आणि तेरावा गडी दोन गदांसह 31 ला घ्या. कॅप्टनचे शिरस्त्राण मात्र काढू नका. तो सुन्न झाला तर चाचणीला त्याची लीडरशिप, म्हणजे नेतृत्वाचा आकडा, वापरता येत नाही. शिरस्त्राण असेल तर 4 किंवा जास्त पडल्यास तो फक्त आडवा होतो. तेराव्या माथ्यामुळे विर्डस्टोन (खेळात गोळा करायचे मौल्यवान दगड) विकताना तक्त्यातला रकाना बदलून मिळकत थोडी घटते. आमच्या मते ते परवडते.

धनुर्धाऱ्यांना छतावर चढवताना कडेपासून इंचभराहून जास्त आत ठेवा. कडेला आडवे झाले तर इनिशिएटिव्हची (चपळाईची) चाचणी हुकताच ते खाली कोसळतात.

शेवटचे, हिरोंच्या (कॅप्टन, चॅम्पियन, यंगब्लड) बाहुल्यांचे हात कायमचे चिकटवू नका. मोहिमेत शस्त्रे बदलत राहतात आणि बाहुलीच्या हातात दिसते ते कागदावरच्या नोंदीशी जुळलेले बरे. खांद्यात 2 मिमीचे भोक पाडून 2 बाय 1 मिमीचे चुंबक सुपरग्लूने बसवा. आधी सगळ्या चुंबकांची एकच बाजू मार्करने रंगवा, ती धडात बाहेर आणि हातात आत ठेवा. एखादा उलटा बसला तर तो हात दूर ढकलला जातो, आणि वाळलेल्या सुपरग्लूतून चुंबक काढताना खांदाच तुटतो.

— मिनिएचर खेळणारे काही वाचक, पुणे